अक्का, तुला गोल आधी दिसायचा

अक्का, तू गेलीस तरी वर्ल्डकप चालूच आहे. एवढ्या मोठ्या खेळाला उस्मानपुऱ्यातली एक म्हातारी गेल्याचं कोण सांगणार! तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाची मॅच होती. तुझ्या दारात चपलांचा ढीग होता, विहारातून सतरंज्या आल्या होत्या, आणि माझं लक्ष सारखं घड्याळाकडं जात होतं. साडेसहा वाजून गेले तेव्हा मला माझीच लाज वाटली. पण खरं सांगते, मॅच बघायची नव्हती मला. आपल्या दोन घरांमधल्या भिंतीपलीकडून तुझा आवाज येतो का, ते ऐकायचं होतं.

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. भंतेजी चांगलं बोलले. कष्टाळू होती, मायाळू होती, कुणाशी वैर नव्हतं. लोक माना हलवत होते. मी मागं भिंतीला टेकून बसले होते आणि डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. हा वर्ल्डकप सुरू झाल्यापासून तू भिंतीपलीकडं गप्प बसून राहिलीस. इकडं गोलावर गोल होत होते आणि तू एकदाही ओरडली नाहीस. चार वर्षांपूर्वी मी तुला गप्प केलं होतं, ते तू शेवटपर्यंत पाळलंस. माझ्यावर रुसून गेलीस का, अक्का? तुला एवढंच विचारायचं राहिलं होतं.

लोकांना वाटतं फुटबॉल तुला मी शिकवला, कारण मी शाळेत पी.टी.ची बाई. खरं उलटं आहे. पिशोरहून आपण दोघी बहिणी शहरात आलो तेव्हा तुझी शाळा सुटली आणि माझी सुरू झाली. तू चितेगावला टीव्हीच्या कारखान्यात पॅकिंगला लागलीस आणि तुझ्या पगारावर मी बी.पी.एड.पर्यंत गेले. दिवसभर टीव्ही खोक्यात भरणाऱ्या बाईच्या घरी टीव्ही नव्हता, आणि त्याचं तुला कधी काही वाटलंही नाही. मी कॉलेजात गेले त्या वर्षी वर्ल्डकप होता. कारखान्यात टेस्टिंगला सेट ओळीनं लावलेले असायचे आणि रात्रपाळीला साहेब लोक त्यांवर मॅच लावून ठेवायचे. तू खोक्यांना टेप लावता लावता बघायचीस. एकदा घरी आलीस आणि मला गदागदा हलवून विचारलंस, "शोभे, त्या खेळात हात का लावू देत नायेत गं?"

मी नियम सांगायला लागले, पण तुला भलतंच सांगायचं होतं. चाळीस टीव्ही ओळीनं मांडलेले, एकानं चेंडू मारला आणि चाळीसच्या चाळीस टीव्हींत जाळी हलली. "एकदमच, शोभे. एक मागं नाय, एक पुढं नाय." तू हे परत परत सांगत होतीस. तुला खेळापेक्षा तेच जास्त आवडलं होतं.

पुढं दाजींनी उस्मानपुऱ्यात घर बांधलं, शेजारचं मी घेतलं, आणि मधली भिंत दोन्ही घरांची एकच राहिली. दर चार वर्षांनी उन्हाळा सरत आला की तुझा प्रश्न ठरलेला. "औंदा कुठं दिसणार?" कधी एका चॅनेलवर, कधी दुसऱ्यावर. मग केबलवाल्या सलीमभाईला तू दारात धरायचीस. "भाई, मॅच नाय दिसली तर तुझी वायर कापीन." तो बिचारा हात जोडायचा, "नक्को अक्का, सब मॅच दिखती, तुम बैठो तो."

वेळापत्रक मी पेपरातून उतरवून द्यायचे आणि तू ते चहाच्या डब्याखाली ठेवायचीस. रात्री साडेबाराच्या मॅचनं मात्र तुला दरवेळी फसवलं. एकदा पेपरात अकरा तारीख होती म्हणून तू अकराला जेवून, भांडी आवरून, पानाचा डबा घेऊन बसलीस, आणि मॅच आदल्याच रात्री उरकली होती. मी म्हटलं, अक्का, बारा वाजले की तारीख पलटते. तर म्हणालीस, "झोपून उठल्याबिगर तारीख कशी पलटंल?"

तुझी टीमही ठरलेली नव्हती. जो हरतोय तो तुझा. त्यानं बरोबरी केली की तू निवांत सुपारी कातरायचीस, आणि दुसरा मागं पडला की लगेच त्याच्या बाजूनं. नव्वद मिनिटांत तीन-तीनदा पक्ष बदलूनही तुला कुणी नावं ठेवली नाहीत. आणि तो ऑफसाइड! ओट्यावर लसणाच्या पाकळ्या आणि टमाटे मांडून मी तुला समजावलं होतं, आठवतं? चेंडू मागून यायच्या आधीच गडी सगळ्यांच्या पुढं जाऊन उभा राहिला, तर शिट्टी. तू कंबरेवर हात ठेवून ऐकलंस.

"म्हंजे पुढं गेला म्हणून शिट्टी?"

"व्हय."

"आन मागं रेंगाळतेत त्यांना कायच नाय? हा कुठला न्याय गं? पुढं जाणाऱ्याला जाऊ द्यावं."

एवढं बोलून तू माझा सेंटर फॉरवर्ड उचललास आणि फोडणीत टाकलास. तीस वर्षं मी पोरींना मैदानावर ऑफसाइड शिकवला. तुला शिकवता आला नाही.

मग माझ्या लेकीनं पुण्याहून मोठा टीव्ही पाठवला, नेट बसवून दिलं, मॅचचं ॲप घालून दिलं. तुझ्या घरी येऊन बघणं मी बंद केलं. चित्र छान दिसतं, असं तुला सांगितलं. चित्र छान दिसत होतंच, पण मला तुझी बडबड नको झाली होती. तू ऐन मॅचमध्ये मेथी निवडणार, आणि त्या रेफ्रीची बायको त्याला न्याहारीला काय देत असेल, हे मला विचारणार. मी म्हणाले, मी आता घरीच बघते. तू म्हणालीस, "बरं."

तिथून ती अर्ध्या मिनिटाची गोष्ट सुरू झाली. केबलवर गोल आधी दिसतो, नेटवर मागून येतो. माझ्या टीव्हीत चेंडू अजून मैदानाच्या मध्यात घोटाळतोय आणि भिंतीपलीकडून तुझं "गेला गं गेला!" आलं की संपलं. मग अर्धं मिनिट मी तो गोल यायची वाट बघत बसायची, आणि तो शिळा होऊन यायचा. मी तुला कितीदा सांगितलं, ओरडू नको, माझं मागून येतं. तुला पटेचना.

"गोल एकदाच होतो ना? मंग तुझ्या घरी मागून कसा होतो? केबल घे."

"केबल जुनं झालं, अक्का."

"जुनं झालं तरी आधी पोचतंय."

हे भांडण आपण कधी संपवलंच नाही. चहा पितानाही चालायचं, दळण आणतानाही चालायचं. मला त्याची मजाही वाटायची, हे मी तुला कधी कळू दिलं नाही.

कतारच्या वर्ल्डकपात मात्र माझं डोकं फिरलं. एक मॅच पेनल्टीवर गेली. पेनल्टी म्हणजे श्वास रोखून बघायची गोष्ट. इकडं माझा गडी चेंडू ठेवून मागं सरकतोय, आणि तिकडून तुझं "गेला गं गेला!" दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला मी टीव्ही बंद केला आणि अनवाणी तुझ्या दारात आले. सून वैशाली होती, शेजारच्या दोघी बसल्या होत्या. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणाले, "तुला जन्मात एक ऑफसाइड कळला नाही. खेळातलं कळत नाही तर बोंबलतेस कशाला?"

सातवीत शाळा सुटलेल्या बहिणीला मी असं म्हणाले. जिच्या पगारावर शिकले तिलाच, चारचौघींत, दारात उभी राहून. तू रिमोट शोधलास, आवाज कमी केलास आणि म्हणालीस, "बरं." दुसऱ्या दिवशी तुझ्याकडून मेथीच्या भाजीची वाटी आली. मी ती धुतली, तिच्यात चिवडा घातला, परत पाठवली आणि मिटलं असं धरून चालले. माफी मागायला किती वेळ लागतो? चार वर्षं होती माझ्याकडं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसली मी.

बाकी सगळं सुरळीत होतं. दवाखाना, लग्नकार्य, चौदा एप्रिलची मिरवणूक, आपण दोघी बरोबरच. फुटबॉलचा विषय निघाला की तेवढी तू "बरं" म्हणायचीस.

मग हा अमेरिकेतला वर्ल्डकप आला. निम्म्या मॅच आपण गाढ झोपेत असताना, पण साडेसहाच्या आणि साडेनऊच्या हाताशी होत्या. मी वेळापत्रक उतरवून आणलं, तू ते नेहमीसारखं डब्याखाली ठेवलंस. तुझ्या टीव्हीवर कापड टाकलेलं होतं. मला वाटलं, धुळीसाठी असेल. पहिल्या मॅचला गोल झाला आणि माझ्या तोंडून "शाब्बास!" निघालं, मैदानावर पोरींना द्यायचे तसलं, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जाईल असं. मग मला एकदम जाणवलं की भिंतीकडून आधी काहीच आलं नव्हतं. नंतरही काही आलं नाही. मी मनात म्हटलं, बसू दे रुसून, निदान गोल तरी ताजा मिळाला. हो, हेच म्हटलं मी. आता तुझ्यापासून काय लपवू.

तू गेलीस त्याच्या आदल्या दुपारी मी तुझ्याकडं आले होते. तू पायरीवर बसून शेंगा फोडत होतीस. मी विचारलं, मॅच बघतेस ना? "बघते की." मग तुझा आवाज कसा येत नाही? तू हसलीस आणि म्हणालीस, "तुझा येतो ना. बास झालं." मला तो टोमणा वाटला. मी दोन शेंगा तोंडात टाकल्या आणि तशीच घरी आले. आपलं शेवटचं बोलणं तेवढंच.

काल मी सलीमभाईला फोन केला. म्हटलं, अक्काचं कनेक्शन बंद करायचं आहे, येऊन टीव्हीखालचा केबलचा डबा घेऊन जा. तो आला, दारात तुझा फोटो बघून डोक्यावरची टोपी सारखी केली, आणि म्हणाला, "बाजी, अक्का का कनेक्शन तो गर्मी में ही बंद हुआ ना. खुद आके डब्बा वापस दिए उनो. मैं बोला भी, वर्ल्डकप आ रा, अब कायकू बंद करते? तो बोले, भाई, बहुत देख लिया."

मी वैशालीकडं बघितलं. ती खाली बघायला लागली. सलीमभाई गेल्यावर तिनं मला स्वयंपाकघरात नेलं आणि डाळीचा डबा दाखवला. त्या डब्याला मोबाईल टेकवून तू हा वर्ल्डकप बघितलास. ॲप वैशालीनंच घालून दिलं होतं, तुझ्याच सांगण्यावरून.

"आई म्हणल्या, केबलचा डबा घरात राहिला तर हात जाईल, गोल दिसला की तोंड काय बंद राहणार नाय. त्यापेक्षा तो नकोच. शोभीकडं आहे तेच मला घालून दे, म्हणजे दोघींना सोबतच दिसंल."

सोबतच. ते चाळीस टीव्ही तू विसरली नव्हतीस.

"मग दिसलं का सोबत?" मी विचारलं.

"कुठं मावशी," वैशाली म्हणाली. "मोबाईलचं नेट ते. तुमच्यापेक्षा पण मागं यायचं, वीस-पंचवीस सेकंद. तुमचं 'शाब्बास' आधी ऐकू यायचं, मग आम्हाला गोल दिसायचा. पहिल्या दिवशी मी म्हणले, सांगून येऊ का मावशीला? तर माझा हात धरला. म्हणल्या, नाय, गप. आपण मागं आहोत हे शोभीला कळलं तर ती वरडायची बंद होईल."

म्हणून तू गप्प होतीस. अर्ध्या मिनिटानं तुझा आवाज आला असता, तर मला कळलं असतं की आता शिळा गोल तुझ्या वाट्याला जातोय. पुढचं मात्र वैशाली सांगताना हसत होती आणि डोळेही पुसत होती. माझा आवाज आला की तू तिला हाक मारायचीस, "ये लवकर, गोल येऊ राह्यला!" ती गॅस बारीक करून, कणकेचे हात तसेच घेऊन धावत यायची. वीस सेकंद पुरायचे. मग दोघी तोंडाला पदर लावून बघायच्या, आवाज भिंतीपलीकडं जाऊ नये म्हणून. "दहा वर्षांत मला एक गोल धड दिसला नव्हता, मावशी. सगळे गोल मी डबे भरण्यात घालवले. औंदा एक पण चुकला नाय."

मी विचारलं, अक्काला वाईट नाही वाटलं? गोल आधीच कळायचा त्याचं? वैशाली म्हणाली, "मी पण विचारलं. म्हणल्या, ती लहान आहे. तिला आधी मिळू दे."

अक्का, मी अठ्ठावन्न वर्षांची आहे.

काल घरी येऊन मी भिंतीजवळ खुर्ची ओढून बसून राहिले. पहिली भाकरी मला, शाळा मला, कॉलेज मला. जन्मभर तू मला पुढं केलंस आणि मी पुढं गेले, मागं वळून किती वेळा बघितलं ते मलाच माहीत. एका गोष्टीत तू माझ्या पुढं होतीस, अर्ध्या मिनिटानं. तेवढंही मला सोसलं नाही. आणि ते अर्धं मिनिटसुद्धा तू डबा परत करून मला देऊन टाकलंस, वर तुझ्या मालिकाही सोडल्यास, आणि मी समजत होते की बाई रुसली. चुकले मी. तेव्हा दारात यायला दोन पावलं लागली होती. माफी मागायलाही तेवढीच लागली असती. माफ कर मला. आणि खेळातलं तुला माझ्याहून जास्त कळत होतं, हेही आज लिहून देते.

संध्याकाळी वैशाली मेथीची वाटी घेऊन आली. जाताना उंबऱ्यात थांबली. "मावशी, उद्या सकाळी मॅच आहे ना? ओरडाल ना? नाहीतर मला कसं कळणार?" मी म्हटलं, बघू.

आज सकाळी साडेसहाला टीव्ही लावला. पलीकडं पोळपाटाचा आवाज येत होता. पहिला अर्धा खेळ कोरडाच गेला, मग एका टीमनं गोल मारला आणि मी नुसती बघत राहिले. ओरडायचं राहूनच गेलं. वैशालीचा तो गोल माझ्यामुळं चुकला. मला इतकं वाईट वाटलं की मी उठून पाणी प्यायले आणि खुर्ची आणखी भिंतीजवळ घेतली.

शेवटची दहा मिनिटं उरली असतील तेव्हा हरणाऱ्या टीमनं बरोबरी केली. म्हणजे तुझ्याच टीमनं. मी ओरडले, "शाब्बास!" मैदानावर तीस वर्षांत दिलं नसेल एवढ्या जोरात. पलीकडं लाटणं खाली ठेवल्याचा आवाज आला, नळ बंद झाला, पावलं धावली. मी पी.टी.च्या सवयीनं मनात आकडे मोजायला लागले. पंधरा. अठरा. वीस.

बाविसाव्या आकड्याला भिंतीपलीकडून आलं, "गेला गं गेला!" आवाज वैशालीचा, शब्द तुझे. आज तिनं तोंडाला पदर लावला नव्हता. मॅच अजून चालू होती. मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि ती थांबेपर्यंत ऐकत राहिले.